हप्ते भरलेत, तरी गाडी ओढून नेली? पहिल्या तासापासून काय करायचं

२०२३च्या पावसाळ्यातली एक संध्याकाळ. पुण्यात ऑफिसबाहेर रस्त्याकडेला लावलेली माझी गाडी जागेवर नव्हती. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन चकरा मारल्या, आणि तेवढ्यात मोबाइल वाजला. फास्टॅगचा मेसेज होता: खेड शिवापूर टोलनाका, पैसे कापले. म्हणजे गाडी साताऱ्याच्या दिशेनं निघाली होती. धावत चौकीत गेलो. हवालदारांनी रजिस्टर उघडलं, बोट फिरवलं आणि म्हणाले, "चोरी नाही साहेब. फायनान्सवाल्यांनी ओढलीय. दुपारीच लेटर देऊन गेलेत."

माझे हप्ते भरलेले होते. तरीही गाडी अकराव्या दिवशी परत मिळाली, आणि त्या अकरा दिवसांत मी ज्या चुका केल्या त्या तुम्ही करू नयेत म्हणून हे लिहितोय. एकच गोष्ट डोक्यात पक्की ठेवा: गाडी विकली जाण्याआधीचे दिवस मोलाचे. एकदा यार्डातून, म्हणजे ओढलेल्या गाड्या ठेवायच्या जागेतून, लिलावात गेली की भांडण गाडीचं राहत नाही, नुसतं पैशाचं होतं, आणि पैशाचं भांडण वर्षानुवर्षं चालतं.

आधी गाडी कुठे आहे ते पक्कं करा

रस्त्यावरची गाडी गायब होण्याची तीन कारणं असतात: वाहतूक पोलिसांनी टो केली, चोरी झाली, किंवा फायनान्सवाल्यांनी उचलली. हद्दीतल्या पोलीस ठाण्यात विचारा. वसुली एजन्सी बहुतेक वेळा ताबा घेण्याआधी किंवा नंतर ठाण्यात एक पत्र देते. त्याची पोच-शिक्क्यासह प्रत मागा, नाही दिली तर निदान एजन्सीचं नाव, तारीख आणि वेळ उतरवून घ्या. ते पत्र म्हणजे पोलिसांची परवानगी नव्हे. "पोलिसांना कळवलंय" असं एजंट छातीठोकपणे सांगतो तेव्हा त्याचा अर्थ तेवढाच: एक कागद देऊन आले.

फास्टॅगचे मेसेज पुसू नका. कुठल्या नाक्यावर, किती वाजता, हे सगळं त्यात असतं आणि पुढे कामाला येतं. मेसेजचे स्क्रीनशॉट काढून झाले की टॅग बंद करायला सांगा, नाहीतर टोल तुमच्याच खिशातून जात राहील.

रस्त्यात अडवलं असेल तर

आजकाल हे लोक चौकात उभे असतात. मोबाइलमधल्या ॲपमध्ये येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर टाकत बसतात, नंबर जुळला की दोघं मोटरसायकलवरून मागे. आपल्याकडे त्यांना सरसकट 'सीझर' म्हणतात. अडवलं तर काचा वर, दारं लॉक, गाडी शक्यतो पेट्रोलपंप किंवा हॉटेलसमोर, चार माणसं असतील तिथे. ११२ लावा. मग काचेतूनच तीन गोष्टी मागा: ओळखपत्र, बँकेनं किंवा कंपनीनं दिलेलं अधिकारपत्र आणि तुमच्या नावाच्या नोटिशीची प्रत. बँकांच्या वसुली एजंटांबाबत रिझर्व्ह बँकेनं २००८ सालीच हे घालून दिलेलं आहे, शिवाय एजंटला वसुलीचं प्रशिक्षण असावं असंही. ऑगस्ट २०२२च्या परिपत्रकानुसार वसुलीसाठी सकाळी ८च्या आधी आणि संध्याकाळी ७नंतर फोन करता येत नाही, धमकी तर कधीच देता येत नाही. गुंड पाठवून कर्जवसुली करणं सर्वोच्च न्यायालयानं २००७ साली एका खाजगी बँकेच्या प्रकरणात खडसावून चुकीचं ठरवलं, २०११ साली पुन्हा तेच सांगितलं.

हे सगळं खरं असलं तरी रस्त्यावर कायदा शिकवत बसू नका. चौघं अंगावर आले तर किल्लीपायी हातपाय मोडून घेण्यात शहाणपण नाही. फक्त एक काम करू नका: सही.

एजंटकडे छापील फॉर्म असतो. वर लिहिलेलं असतं की कर्जदारानं गाडी स्वखुशीनं जमा केली. "साहेब, नुसती पोच आहे, गाडी मिळाल्याची" असं म्हणून एजंट तो पुढे सरकवतो. त्या सहीनं तुमची निम्मी केस तिथेच संपते, कारण पुढे कंपनी हाच कागद दाखवते. सही करावीच लागली तर आधी स्वतःच्या अक्षरात लिहा: "हप्ते भरलेले आहेत. ताबा माझ्या संमतीविना घेतला. हक्क राखून." खाली तारीख, वेळ. आणि फोटो काढा.

त्यांनीच सामानाची यादी करायला हवी. इन्व्हेंटरी म्हणतात तिला. किलोमीटर, टायर, स्टेपनी, बॅटरी, म्युझिक सिस्टिम, डॅशबोर्डमधली कागदपत्रं. यादी करत नसतील तर तुम्ही मोबाइलवर व्हिडिओ काढत गाडीभोवती एक चक्कर मारा. माझ्या गाडीची यादी माझ्या गैरहजेरीत झाली होती आणि तिच्यात स्टेपनी नव्हती. त्यावर नंतर येतो.

खरं युद्ध स्टेटमेंटमध्ये असतं

"मी तर सगळे हप्ते भरलेत" हे वाक्य कस्टमर केअरला रोज शंभर लोक सांगतात. त्यानं काही हलत नाही. हलतं ते कर्ज-खात्याच्या उताऱ्यानं. त्याच दिवशी ईमेल करून किंवा कंपनीच्या ॲपमधून तीन कागद मागवा: कर्जखात्याचं पूर्ण स्टेटमेंट, परतफेडीचं वेळापत्रक आणि सही केलेल्या करारनाम्याची प्रत. सोबत तुमच्या बँकेचं स्टेटमेंट काढा. मग दोन्ही शेजारी ठेवून ओळ न ओळ लावा. कंटाळवाणं काम आहे, पण चूक सापडते ती इथेच.

माझ्या बाबतीत काय झालं ते सांगतो, कारण हा प्रकार फार लोकांना होतो. माझा हप्ता ९,८४० रुपये, दर महिन्याच्या ५ तारखेला. पगाराचं खातं बदललं म्हणून मी नवीन ऑटो-डेबिटचा मँडेट, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप कापायची परवानगी, दिला होता. कंपनीनं तरीही दोन महिने जुन्याच खात्यावर हप्ता टाकला. दोन्ही वेळा बाउन्स. दोन्ही वेळा शाखेतून लिंक आली आणि मी त्याच दिवशी ९,८४० भरले, पावत्याही आल्या. पण बाउन्सचा दंड ५०० रुपये आणि त्यावर जीएसटी, म्हणजे ५९०. मी भरलेल्या पैशातून कंपनीच्या सिस्टिमनं आधी हे ५९० वळते केले. उरलेले ९,२५० हप्त्यात. म्हणजे दोन्ही महिन्यांत हप्ता ५९० रुपयांनी अपुरा, आणि यादीत माझ्या नावापुढे 'दोन हप्ते थकीत'. एकूण भानगड १,१८० रुपयांची, तीही त्यांच्याच चुकीमुळे पडलेल्या दंडाची. एजंटच्या ॲपमध्ये १,१८० दिसत नाही. तिथे दोन हप्ते दिसतात.

अशा चुकांची काही नेहमीची घराणी आहेत. एका खात्यात भरलेली रक्कम दुसऱ्याच कर्जखात्यात जमा होते. कंपनीनं कर्ज दुसऱ्या कंपनीला विकलेलं असतं आणि तुम्ही जुन्याच खात्यात भरत राहता. तोंडी ठरलेली सवलत सिस्टिममध्ये चढत नाही. कर्ज फिटलेलं असतं, एनओसीही मिळालेली असते, पण आरसीवरून एचपी, म्हणजे कर्जाच्या बोजाची नोंद, उतरवलेली नसते आणि जुन्या यादीत नंबर राहून जातो. शेवटच्या प्रकारात तुमची बाजू सगळ्यांत भक्कम आहे: सप्टेंबर २०२३च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकानुसार वैयक्तिक कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत करून बोजा उतरवायचा असतो, नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५,००० रुपये.

दंडाच्या ओळी विशेष बारकाईनं पाहा. हप्ता चुकल्याबद्दल व्याजावर दंडव्याज चढवणं रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२३च्या परिपत्रकानं बंद केलं. आता फक्त दंडशुल्क लावता येतं, ते मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज लावता येत नाही. १ एप्रिल २०२४पासूनच्या कर्जांना हे लागू आहे, जुन्या कर्जांना ३० जून २०२४पर्यंत लागू करायचं होतं. तुमच्या उताऱ्यात त्यानंतरही दंड मुद्दलात मिसळलेला दिसला तर त्या ओळीभोवती लाल पेनानं गोल करा.

करारनाम्याचं ते पान

कर्ज घेताना आपण चाळीस पानांवर शोरूममध्ये उभ्या-उभ्या सह्या करतो. आता त्यातलं एकच पान वाचायचंय: ताबा घेण्याचं कलम. बिगरबँक वित्त कंपनीच्या करारात हे कलम असलंच पाहिजे आणि त्यात काय असावं हेही रिझर्व्ह बँकेनं सांगितलेलं आहे: ताबा घेण्याआधी किती दिवसांची नोटीस, कोणत्या परिस्थितीत नोटीस न देता चालेल, ताबा कसा घ्यायचा, विक्रीआधी कर्जदाराला पैसे भरायची शेवटची संधी, गाडी परत द्यायची पद्धत, आणि लिलावाची पद्धत. करारात सात दिवसांची नोटीस लिहिली असेल आणि तुम्हाला एसएमएसवर 'तात्काळ भरा' एवढंच आलं असेल, तर कंपनीनं स्वतःचाच करार मोडला. नोटीस जुन्या पत्त्यावर गेली असा बचाव हमखास येतो. पत्ता बदलल्याचा ईमेल असेल तर तो शोधून ठेवा.

इथे एक कटू गोष्ट सांगून टाकतो. नोटीस मिळाली नाही एवढ्या एका मुद्द्यावर मोठी भरपाई मिळेल असं समजू नका. मॅग्मा फिनकॉर्प या वित्त कंपनीच्या २०२०च्या प्रकरणात कर्जदारानं मोजकेच हप्ते भरले होते. सर्वोच्च न्यायालयानं गाडीच्या ताब्यासाठी कंपनीला दोषी धरलं नाही आणि नोटिशीच्या त्रुटीपोटी किरकोळ रक्कम दिली. म्हणून क्रम लावा: पहिला मुद्दा 'थकबाकी नव्हतीच', दुसरा 'पद्धत चुकली', तिसरा 'दमदाटी झाली'. बरेच जण उलट्या क्रमानं लिहितात, रागाच्या भरात, आणि वाचणारा अधिकारी पहिल्या परिच्छेदातच कंटाळतो.

पहिलं पत्र

फोनवर भांडू नका. म्हणजे भांडा हवं तर, पण त्याला कागदाची किंमत नाही. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल, सोबत नोडल अधिकाऱ्याला प्रत. दोघांचे पत्ते कंपनीच्या संकेतस्थळावर आणि शाखेत लावलेले असावे लागतात. हेच पत्र छापून स्पीड पोस्टानं शाखेला. मी जे पाठवलं ते जवळपास असं होतं:

"विषय: वाहन क्र. ........, कर्ज खाते क्र. ........, चुकीचा ताबा.

माझे वरील वाहन दि. .... रोजी दुपारी .... वाजता .... येथून आपल्या एजन्सीने माझ्या संमतीविना नेले. ताब्याच्या दिवशी कोणताही हप्ता थकीत नव्हता. जून व जुलैचे हप्ते आपल्याच लिंकवर भरल्याच्या पावत्या सोबत जोडल्या आहेत. नवीन मँडेट आपणांस दि. .... रोजी मिळाला असून जुन्या खात्यावर हप्ता टाकल्याने झालेले बाउन्स ही माझी चूक नाही.

कराराच्या कलम .... नुसार द्यावयाची नोटीस मला मिळालेली नाही.

१) वाहन विनाशुल्क तात्काळ परत करावे. २) तोवर वाहनाची विक्री वा लिलाव करू नये. ३) यार्डाचा पत्ता, इन्व्हेंटरीची प्रत, एजन्सीचे नाव व अधिकारपत्र द्यावे. ४) क्रेडिट ब्युरोकडे गेलेली थकबाकीची नोंद दुरुस्त करावी. सीझिंगचे वा यार्डाचे शुल्क मला मान्य नाही."

दोन नंबरची ओळ विसरलात तर बाकीचं पत्र वाया. विक्री करू नका हे लेखी कळवलेलं असलं की पुढे कोणत्याही दारात तुम्ही म्हणू शकता, यांना माहीत होतं.

शाखेतले लोक कधी म्हणतात, "सर, सीझिंग चार्ज आणि यार्डाचं भाडं भरा, उद्या गाडी न्या." टॅक्सीवर घर चालत असेल, रोजचा धंदा बुडत असेल, तर हे भरून गाडी सोडवणं ही लाजिरवाणी तडजोड नव्हे. फक्त भरण्याआधी ईमेल करा की 'हक्क राखून, वाद कायम ठेवून भरत आहे', पैसे कंपनीच्या खात्यातच भरा, पावती घ्या. एजंटच्या हातात रोख एक रुपया देऊ नका.

पोलिसांकडे

इथे माझा भ्रमनिरास झाला होता. तुम्ही आधीच सावध राहा. ठाण्यात 'ही सिव्हिल मॅटर आहे' असं उत्तर मिळतं, आणि ते पूर्ण खोटंही नाही. कराराखाली ताबा घेतला तर ती चोरी नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानं वेगवेगळ्या निकालांत म्हटलंय. त्यामुळे 'गाडी चोरली' असा हट्ट धरला की परत पाठवतात. जे प्रत्यक्ष घडलं ते सांगा: वाट अडवली, धमकावलं, धक्काबुक्की केली, गाडीतला लॅपटॉप नेला. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत वाट अडवण्यासाठी कलम १२६, धमकीसाठी ३५१, जबरी चोरीसाठी ३०९ आहे. फिर्याद घेत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४)खाली पोलीस अधीक्षकांना, पुणे-मुंबईसारख्या ठिकाणी आयुक्तालयात, लेखी अर्ज करा. त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. काहीच झालं नाही तरी अर्जाची शिक्का मारलेली प्रत हातात ठेवा. बाजूच्या दुकानाच्या सीसीटीव्हीचं फुटेज त्याच दिवशी मागा, बऱ्याच ठिकाणी ते काही दिवसांत आपोआप पुसलं जातं.

आरटीओला एक अर्ज, जो कोणी करत नाही

गाडी ओढली तरी आरसी तुमच्याच नावावर असते. कंपनीला ती स्वतःच्या नावावर करून घ्यायची असेल तर मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५१(५)खाली आरटीओकडे जावं लागतं, अर्ज फॉर्म ३६वर असतो. नवीन आरसी देण्याआधी आरटीओनं तुम्हाला रजिस्टर पोस्टानं नोटीस पाठवून म्हणणं मांडायची संधी द्यायची असते. म्हणून वाट न पाहता आधीच अर्ज देऊन ठेवा: ताबा वादग्रस्त आहे, तक्रार चालू आहे, माझं म्हणणं ऐकल्याशिवाय नावात बदल करू नये. तक्रारीची प्रत जोडा. आवक विभागात शिक्का घ्यायला पंधरा मिनिटं लागतात.

याच अर्जात ताब्याची तारीख आणि वेळ लिहिल्यानं आणखी एक फायदा होतो. त्यानंतर गाडीवर ई-चलान आलं किंवा कोणाला ठोकलं तर गाडी कोणाकडे होती हे कागदावर असतं. विमा कंपनीलाही तसाच ईमेल टाका.

लोकपाल की ग्राहक आयोग?

इथे बहुतेक जण घोळ घालतात.

रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपालाकडे तक्रार फुकट असते, पोर्टलवरून करता येते, शंका असेल तर १४४४८वर फोन करा. बँका आणि लोकांशी थेट व्यवहार असलेल्या मोठ्या बिगरबँक कंपन्या त्याच्या कक्षेत येतात. अट अशी की आधी कंपनीकडे लेखी तक्रार केलेली असावी आणि ३० दिवसांत उत्तर आलेलं नसावं किंवा आलेलं उत्तर पटलेलं नसावं. वकिलामार्फत तक्रार चालत नाही, स्वतः करायची किंवा वकील नसलेल्या अधिकृत प्रतिनिधीमार्फत. पण ३० दिवसांत यार्डातली गाडी विकली जाऊ शकते. विक्री थांबवायची असेल तर लोकपालाच्या भरवशावर बसू नका.

ग्राहक आयोगाचं तसं नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९च्या कलम ३८(८)खाली जिल्हा आयोग अंतरिम आदेश देऊ शकतो, म्हणजे निकालाआधीच 'विकू नका' किंवा 'गाडी परत द्या' असं सांगू शकतो. मोबदला (म्हणजे वस्तू वा सेवेसाठी तुम्ही दिलेली रक्कम) ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, ५ लाखांपर्यंत फी शून्य, ५ ते १० लाखांना २०० रुपये, १० ते २० लाखांना ४००. तुम्ही जिथे राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात दाखल करता येते, कंपनीचं मुख्य कार्यालय चेन्नईत असो की कोलकात्यात. ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन होते. मुदत दोन वर्षं. करारात लवादाचं (वाद कोर्टाबाहेर पंचाकडून सोडवण्याचं) कलम आहे म्हणून ग्राहक आयोगात येता येणार नाही, असं कंपनीचे वकील म्हणतात. तो मुद्दा टिकत नाही.

तक्रारीसोबत अंतरिम आदेशाचा वेगळा अर्ज द्या, त्यात 'कोणत्याही दिवशी लिलाव होऊ शकतो' हे पहिल्या ओळीत. अनेकदा आयोग सांगतो की वादग्रस्त रकमेपैकी काही भाग भरा, मग गाडी सोडा. तयारी ठेवा.

टेम्पो, टॅक्सी, पिकअप असेल तर कंपनी म्हणेल की हा व्यावसायिक वापर, हा ग्राहकच नाही. स्वतः गाडी चालवून पोट भरणाऱ्याला कायद्यानंच यातून सूट दिलेली आहे. तक्रारीत स्पष्ट लिहा: "उदरनिर्वाहासाठी, स्वयंरोजगार म्हणून." दहा टेम्पो ठेवून ड्रायव्हर लावणाऱ्याला हे म्हणता येणार नाही.

क्रमाबद्दल एक इशारा. तोच वाद आयोगात नेला की लोकपाल तो ऐकत नाही. म्हणून ठरवा: गाडी यार्डात आणि विक्रीची भीती, तर आयोग. गाडी परत मिळाली, फक्त दंड, भाडं, सिबिलची नोंद राहिली, तर लोकपाल. मी दुसऱ्या गटात आलो.

महिला आणि अनुसूचित जाती-जमातींतल्या लोकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, इतरांना उत्पन्नमर्यादेत. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, नंबर १५१००. ग्राहक हेल्पलाइन १९१५.

घरी अचानक लवादाचं पत्र आलं तर

पाकिटावर चेन्नईच्या किंवा मुंबईच्या कुठल्याशा वकिलाचं नाव, आत 'सोल आर्बिट्रेटर' (एकमेव लवाद) म्हणून त्यांची नेमणूक झाल्याचं पत्र आणि पुढची तारीख. लोक ते कपाटावर टाकून देतात. नका टाकू. लवाद कायदा १९९६च्या कलम १७खाली लवाद गाडीच्या ताब्याचा अंतरिम आदेश देऊ शकतो, आणि तुम्ही हजर नसलात तर तो एकतर्फी होतो. पण कंपनीनं एकटीनं नेमलेला लवाद चालत नाही. २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे म्हटलं आणि नोव्हेंबर २०२४मध्ये घटनापीठानंही एकतर्फी नेमणुकीच्या विरोधात कौल दिला. म्हणून लगेच दोन ओळींचं उत्तर पाठवा: नेमणुकीला माझी संमती नाही, कलम १२(५)नुसार हरकत नोंदवतो. ईमेलवर, पोस्टानं, दोन्हीकडून.

आणि खरंच हप्ते थकले असतील?

तर 'चुकीनं ओढली' हा दावा तुमच्या उपयोगाचा नाही. नोकरी गेली, आजारपण आलं, चार हप्ते राहिले, हे होतं. मग कामाचं एकच: लेखी तडजोड. किती रक्कम, किती तारखेपर्यंत, त्यात सीझिंग चार्ज धरला का, गाडी कधी सोडणार, सगळं ईमेलवर. विक्रीआधी शेवटची संधी देणं कराराचाच भाग आहे, ती लेखी मागा. गाडी विकलीच गेली तर विक्रीची किंमत, मूल्यांकन आणि बोली लावणाऱ्यांची संख्या मागा. पाच लाखांची गाडी दोन लाखांना गेली आणि वर तीन लाखांची वसुली मागायला आले, असे किस्से यार्डाबाहेरच्या टपरीवर बसलात तर अर्ध्या तासात दोन ऐकायला मिळतात. बाजारभावाच्या जाहिरातींचे स्क्रीनशॉट त्या काळातले काढून ठेवा. कर्ज वजा जाऊन पैसे उरले तर ते तुमचे.

गाडी परत घेताना

रिलीज लेटर ईमेलवर आलं म्हणजे झालं, असं नसतं. यार्ड माझ्या बाबतीत शिरवळच्या अलीकडे होतं, चिखलात दोनशे गाड्या, बऱ्याच जणींच्या काचांवर खडूनं नंबर. आधी गाडीभोवती फिरा, मग सही. किलोमीटर, बॅटरी चालू होते का, डिझेल-पेट्रोलचा काटा, टायर तेच आहेत का, काचा, सीटखालचं सामान. जे नाही ते ताबापावतीवर लिहा, मगच सही करा. यार्डवाला घाई करतो, "साहेब, पाऊस येतोय." येऊ द्या.

घरी आल्यावर पंधरा दिवसांनी क्रेडिट रिपोर्ट काढा. सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क अशा चार क्रेडिट ब्युरो कंपन्या आहेत, चारही वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत देतात. थकबाकीची चुकीची नोंद दिसली तर त्या कंपनीकडे आणि कर्ज देणाऱ्याकडे, दोन्हीकडे तक्रार टाका. ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर त्यापुढच्या दर दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद आहे.

माझी डिकी उघडली तेव्हा स्टेपनीच्या खाचेत पावसाचं पाणी साचलेलं होतं आणि स्टेपनी नव्हती. यार्डवाल्यानं त्यांची यादी दाखवली, "इथे लिहिलेलीच नाही." माझ्याकडे फोटो नव्हता. पावतीवर 'स्टेपनी गहाळ' लिहून सही केली, लोकपालाच्या तक्रारीत एक ओळ वाढवली आणि टायर न बदलावा लागो अशी प्रार्थना करत पुण्याला आलो.